उशाशी ठेवायचा न सांडणारा पेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आजारी किंवा वयस्क माणूस असला की रात्री पाणी सांडण्याचा प्रश्न हमखास येतो. झोपेत हात फिरवणाऱ्या धडधाकट माणसांनाही तो सुटत नाही. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. उशाशी स्टीलचा पेला ठेवतो आणि दोन दिवसाआड तो लवंडतो. नेमकं काय विकत घेऊ?

आधी पाणी सांडतं केव्हा ते बघा. अंधारात हात लागून पेला लवंडतो, की उचलून तोंडाशी नेताना हिंदकळतो, की पिताना ओठांच्या कडेने ओघळतं? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि दुकानदार तिन्हींवर एकच बाटली काढून दाखवतो. नुसता लवंडत असेल तर झाकणाचा मग घ्या. झाकण असं हवं की बटण दाबलं तरच पाणी येईल आणि बोट काढलं की आपोआप बंद होईल. हात थरथरत असेल तर प्र. ६ पाहा, ओघळत असेल तर प्र. ८ आणि ९.

‘आपोआप’ हा शब्द मात्र धरून ठेवा. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेतला माणूस पाणी पितो, पण झाकण लावत नाही. जे भांडं तुमच्या आठवणीवर अवलंबून आहे, ते रात्रीसाठी उपयोगाचं नाही. माझ्या लेखी हीच पहिली परीक्षा. रंग, आकार, किंमत हे सगळं नंतर.

२. आट्याच्या झाकणाची बाटली घरात आहे. ती काय वाईट?

बंद असेपर्यंत तिच्याइतकं चांगलं काही नाही. पूर्वी प्रवासात फिरकीचा तांब्या न्यायचे तो याच तत्त्वावर. पण फिरकी उघडायला दोन हात लागतात, झाकण अंधारात पलंगाखाली जातं आणि उघड्या तोंडाची लिटरभराची बाटली कलंडली तर पेल्याच्या चौपट पाणी गादीत मुरतं. बाटली भरून ठेवायला वापरा. पिण्यासाठी शेजारी छोटा मग असू द्या.

३. वेष्टणावर कुठे ‘स्पिलप्रूफ’, कुठे ‘लीकप्रूफ’, कुठे ‘स्पिल रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं. फरक काय?

‘लीकप्रूफ’ म्हणजे साधारणपणे झाकण पूर्ण बंद असताना आडवं-उलटं केलं तरी गळत नाही. ‘स्पिलप्रूफ’ म्हणजे पिण्याच्या स्थितीत असतानाही उपडं झालं तर सांडत नाही. लहान मुलांच्या झडपेच्या कपांवर हे लिहिलेलं दिसतं. ‘स्पिल रेझिस्टंट’चा अर्थ एवढाच की सांडेल, पण सावकाश. कॉफीच्या मगाला वरून नुसतं दाबून बसवायचं पारदर्शक झाकण असतं ते या शेवटच्या गटात येतं. त्याला घोटासाठी भोक असतं, हवेसाठी दुसरं, आणि आडवं पडलं की दोन्हींतून धार लागते. तरी टॉवेल आणेपर्यंत वेळ मिळतो, हे काही कमी नाही. कंपन्या हे शब्द सैलपणे वापरतात, त्यामुळे वेष्टण वाचून निर्णय घेऊ नका, तपासून घ्या.

४. मग तपासायचं कसं?

दुकानात पाणी भरून देत नसतील तर झाकणाच्या आत बघा. सिलिकॉनचं वायसर हवं आणि ते नखाने काढता यायला हवं (का, ते प्र. १४ मध्ये). बटण चार-पाच वेळा दाबून सोडा; अडकत परत आलं तर ठेवून द्या.

घरी आणल्यावर पाऊण भरा आणि बेसिनमध्ये उलटं धरून जोरात हलवा. मग खरी कसोटी: वर्तमानपत्राच्या घडीवर रात्रभर आडवं ठेवा. उलटं धरल्यावर न गळणारं भांडं आडवं ठेवल्यावर पाझरू शकतं, कारण वायसर एका बाजूने नीट बसलेलं नसतं. सकाळी कागद फुगलेला दिसला तर पावती शोधा.

५. आमच्याकडे तांब्या आणि त्यावर उपडं फुलपात्र असतं. ते बदलायलाच हवं का?

हात स्थिर असतील तर मुळीच नको. गोल पोटाचा तांब्या उंच पेल्यापेक्षा मुळात स्थिर असतो आणि फुलपात्रामुळे धूळ, किडे जात नाहीत. १२ सेंटिमीटर उंच आणि बुडाशी ६ सेंटिमीटर रुंद असलेला भरलेला पेला साधारण २५ अंश झुकला की लवंडतो. ८ सेंटिमीटर उंच आणि ९ सेंटिमीटर बुडाचं बसकं भांडं त्याच्या जवळजवळ दुप्पट झुकाव सहन करतं. पाणी हिंदकळून थोडं बाहेर येईल ते वेगळं, पण भांडं उभं राहील. काहीच विकत घ्यायचं नसेल तर घरातलं बसकं, जड बुडाचं भांडं शोधा आणि ते अर्धंच भरा.

अडचण आहे ती ओतण्यात. अंधारात तांब्यातून फुलपात्रात पाणी घेणं हे दोन हातांचं आणि नजरेचं काम आहे. मोतीबिंदू झालेल्या किंवा कंप असलेल्या माणसाला ते जमत नाही. त्यांच्यासाठी तांब्या राहू द्या, शेजारी झाकणाचा पेला ठेवा.

६. वडिलांना कंपवात आहे. जड पेला चांगला की हलका?

जड पेल्याने कंप कमी जाणवतो असं काहींना वाटतं, काहींचा हात उलट लवकर थकतो. विकत घेण्याआधी घरातल्या जाड काचेच्या मगात थोडं पाणी घालून बघा, एका संध्याकाळीच कळेल. पण माझ्या मते पेला उचलावाच लागू नये हे बरं. झाकणातून आरपार जाणारी मऊ सिलिकॉनची लांब नळी घ्या, पेला टेबलाच्या कडेला अडकवायच्या कपहोल्डरमध्ये बसवा. वडील पलंगावर बसून फक्त मान पुढे करतील.

नळीबाबत दोन गोष्टी. पाण्याच्या पातळीपासून ओठांपर्यंतची उंची जितकी जास्त, तितकं जास्त ओढावं लागतं, म्हणून टेबल फार खाली नको. आणि नळीत एकदिशा झडप मिळाली तर घ्या. ओढलेलं पाणी त्यात वरच थांबतं, प्रत्येक घोटाला बुडापासून ओढावं लागत नाही, हवाही कमी गिळली जाते. स्टीलची नळी मात्र नको. मान हलत असताना ती दातावर, हिरडीवर आपटते.

७. संधिवाताने बोटं वळत नाहीत. बटण दाबता येत नाही.

बटणाऐवजी मोठ्या पंखाचं, मनगटाने किंवा अंगठ्याच्या बाजूने उडवता येईल असं झाकण बघा. दोन कानांचा पेला सगळ्यात सोयीचा. कान एवढे मोठे हवेत की चारही बोटं आत जातील, म्हणजे पकडावं न लागता पेला बोटांवर लटकतो. वजनाकडेही लक्ष द्या. दुपदरी स्टीलचा मग रिकामाच पाव किलोच्या आसपास असतो, त्यात ३०० मिली पाणी म्हणजे अर्धा किलोच्या वर. अशा हाताला २०० मिलीचा हलका प्लास्टिकचा पेला पुरतो.

बुडाला रबरी चोषक असलेल्या मगाबद्दलही विचारलं जातं. तो सनमायका, काच, गुळगुळीत फरशी यांवर पक्का बसतो. खरखरीत लाकडावर किंवा क्रोशाच्या रुमालावर अजिबात नाही. शिवाय तो सरळ वर उचलावा लागतो आणि अशक्त हात नेमका तिरका ओढतो.

८. आजी पडल्या पडल्याच पाणी पितात आणि ठसका लागतो. कोणता पेला?

ठसका लागत असेल तर हा प्रश्न पेल्याचा नाही. आधी डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी आणि सराव स्पीच थेरपिस्ट करून घेतात. ते फक्त बोलण्याचं बघतात असा गैरसमज आहे. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाचा धोका असतो, आणि काहींच्या बाबतीत पाणी फुप्फुसात जाऊनही ठसका लागत नाही. जेवणा-पाण्यानंतर आवाज ओला, घरघरता येणं हीसुद्धा सांगण्यासारखी खूण आहे.

तोवर एवढं करा: पडून पाणी द्यायचं नाही. पाठीशी लोड, उशा लावून शक्य तितकं सरळ बसवा, छोटा घोट द्या, तो गिळल्याची खात्री झाली की पुढचा.

दवाखान्यात मिळणारा तोटीचा फीडिंग कप हा खरं तर बोंडल्याचाच मोठा भाऊ, आणि सगळे तोच आणतात. पण तो कलता केला की पाणी येतच राहतं, किती यावं हे पाजणाऱ्याच्या हातात असतं, पिणाऱ्याच्या नाही. तोटी उघडी असल्यामुळे तो टेबलावर पडला तर सांडतोही. मान मागे न टाकता प्यायचं असेल तर एका बाजूला खाच कापलेला पेला मिळतो. खाच नाकाच्या बाजूला येते, ओठ समोरच्या अखंड काठाला लागतात. पाजणारे हा पेला अनेकदा उलटा धरतात, पाणी अंगावर येतं आणि पेला बदनाम होतो.

पाणी दाट करून द्यायला सांगितलं असेल तर ते अरुंद नळीतून किंवा झडपेतून नीट येत नाही. तेव्हा उघडा पेला किंवा चमचा वापरा.

९. पक्षाघातानंतर तोंड एका बाजूला वाकडं झालंय. नळी चालेल?

बहुतेक वेळा ओठ नळीभोवती घट्ट मिटत नाहीत, म्हणून ओढता येत नाही आणि माणूस वैतागतो. नळी द्यावी की नाही हे थेरपिस्टलाच ठरवू द्या (प्र. ८). पेला ठेवायची जागा मात्र तुम्ही ठरवू शकता: रात्री चांगल्या हाताच्या बाजूला. अशक्त बाजूकडे लक्ष जावं म्हणून दिवसा वस्तू मुद्दाम त्या बाजूला ठेवायला सांगतात, ते दिवसापुरतंच ठेवा. रात्री तहान लागलेली असताना व्यायाम नको.

१०. आई म्हणते, “मी काय तान्हं बाळ आहे?” आणि सिपर उचलून कपाटात ठेवते. काय करू?

आईचं बरोबर आहे. मुलांच्या विभागातून अस्वलाचं चित्र असलेला कप आणला तर कुणीही चिडेल. मोठ्यांच्या ऑफिसच्या मगासारखा दिसणारा, एकाच रंगाचा, बटणाचा मग आणा आणि आणखी एक स्वतःसाठी आणून स्वतःच्या उशाशी ठेवा.

दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे कित्येक वयस्क माणसं आयुष्यभर वरून पाणी पितात. तोटी ओठांत धरायची म्हणजे भांडं उष्टं होतं आणि त्याच भांड्यात परत पाणी भरायचं हे त्यांना पटत नाही. त्यावर वाद घालू नका. पेला फक्त त्यांचाच आहे, वेगळा घासला जातो, रोज सकाळी रिकामा होतो, हे त्यांना दिसू द्या. आग्रहाने जे होत नाही ते यातून होतं.

११. प्लास्टिकच्या वाकणाऱ्या नळ्या मिळेनाशा झाल्यात. बंदी आहे ना?

हो, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आहे. पुन्हा पुन्हा वापरायच्या सिलिकॉनच्या नळ्यांना ती लागू नाही. कागदाची नळी रात्रभर पाण्यात राहिली की लिबलिबीत होते, उशाशी तिचा उपयोग नाही.

१२. याच कपात रात्री चहा किंवा गरम पाणी ठेवता येईल?

नळीच्या बाटलीत कधीच नको. झाकण बंद असताना वरची हवा तापून फुगते, ती पाण्याला दाबते, आणि नळी उघडताक्षणी गरम पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर येते. (सपाटीवर घट्ट बंद केलेली नळीची बाटली घाट चढून महाबळेश्वरला उघडली तर गार पाणीही असंच उडतं. सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो, कारण तेच.) शिवाय नळीतून आलेला गरम घोट ओठांना न कळता घशाशी पोचतो.

दुपदरी बटणाच्या मगात गरम चालतं, पण तो उष्णता इतकी धरतो की अर्ध्या तासानेही तोंड भाजावं. पिण्याजोगं झाल्यावरच भरा. पेय फेसाळणारं असेल, सोडा असेल, तर कुठल्याही घट्ट झाकणात भरू नका.

१३. पाण्याऐवजी हळदीचं दूध, ओव्याचं पाणी, ओआरएस?

ओवा, जिरं, सब्जा यांचा एक दाणा झडपेत अडकला की ‘न सांडणारा’ कप गळका होतो. गाळून भरा, सब्जा तर नकोच. दूध रात्रभर ठेवू नये. झडपेत साका धरतो आणि वास जात नाही. ओआरएस चालेल, पण कालवल्यापासून २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. तोटीला एक थेंब राहिला तरी सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते, म्हणून पेला पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवा.

१४. वास येतो, वायसरखाली काळे डाग पडलेत. फेकू का?

काळे डाग म्हणजे बुरशी. वायसर आणि नळी सुटी करा, गरम साबणपाण्यात भिजवा, दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने खाच घासा, नळीत बारीक ब्रश फिरवा. सिलिकॉनचे भाग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकता येतात; प्लास्टिकचं झाकण टाकू नका, वाकडं झालं की आटे बसत नाहीत. यानंतरही डाग राहिले तर वायसर बदला. सुटं वायसर मिळत नसेल तर पेला टाका. आजारी माणसाच्या बाबतीत इथे काटकसर नको.

बोअरच्या जड पाण्याने झडपेवर पांढरा थर चढतो आणि ती नीट मिटत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवलं की थर सुटतो. रोजचा नियम एकच: सकाळी रिकामा करायचा, सुटे भाग वेगळे वाळवायचे. ओलं झाकण लावून ठेवलेला रिकामा कप भरलेल्या कपापेक्षा लवकर कुबट होतो.

१५. आम्ही जमिनीवर गाद्या घालून झोपतो, वर मच्छरदाणी. टेबलच नाही.

मग धोका हाताचा नाही, पायाचा. उठणाऱ्याच्या वाटेवर काही नको. डोक्याच्या बाजूला भिंतीला खेटून, जड बुडाच्या स्टीलच्या डब्यात पेला उभा करून ठेवा. पेला डगमगला तरी डबा हलत नाही आणि सांडलेलं डब्यात राहतं. घरात लोखंडी खल पडून असेल आणि पेला त्यात नीट बसत असेल तर त्याच्यासारखा पक्का स्टँड विकत मिळणार नाही.

मच्छरदाणी असेल तर पेला आत ठेवा. बाहेरचा पेला घेताना हात जाळीत अडकतो, आणि सांडण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. आत म्हणजे अंथरुणालगत, म्हणून पूर्ण लीकप्रूफच हवा (प्र. ३).

१६. चार वर्षांचा मुलगा रात्री सिपर मागतो. देत राहू?

रात्री फक्त पाणी. दूध, सरबत किंवा साखर घातलेलं काहीही सिपरमधून झोपेत चोखत राहिलं की दात किडतात. चौथ्या वर्षी खरं तर उघड्या पेल्यातून प्यायला हवं. दिवसा तेच करा. रात्रीपुरता झडपेचा कप राहिला तर बिघडत नाही.

१७. हात उचलताच येत नाहीत अशा माणसाने एकटं असताना पाणी कसं प्यावं?

ट्रेकिंगच्या दुकानात पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायची पाण्याची पिशवी मिळते. तिच्या नळीच्या टोकाला चावल्यावर उघडणारी झडप असते. पिशवी पलंगाला अडकवा आणि नळीचं टोक क्लिपने उशीजवळ गालाशी आणून ठेवा. पिशवी तोंडापेक्षा खालच्या पातळीवरच हवी. वर टांगली तर सलाइनसारखी धार सुरू होते, झडप जराशी ढिली असली तरी उशी भिजते, आणि झोपेत घशात पाणी जाणं धोक्याचं आहे. गिळण्याचा त्रास असेल तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको (प्र. ८).

१८. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय. आणि एक गोळी मात्र भरपूर पाण्याबरोबर.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात दिवसाचं माप ठरवून दिलेलं असतं. रात्रीचा वाटा त्यातून काढून खुणांच्या पारदर्शक कपात भरा, नंतर वर भर घालू नका. स्टीलच्या मगात किती प्यायलं हे दिसत नाही, म्हणून इथे तो बाद.

गोळीचं उलट आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. सिपरच्या दोन चोरट्या घोटांवर ती घेऊ नका. पाण्याचं माप ठरलेलं असेल तर या पेल्याचा हिशेब डॉक्टरांशी बोलून ठेवा.

१९. टेबलावर मोबाइल, चार्जर, कवळीची वाटी, चष्मा, सगळंच असतं. पेला कुठे ठेवू?

एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खाली जमिनीवर असेल तर आज रात्रीच हलवा, पेला कितीही चांगला असला तरी. मोबाइल पेल्यापासून हातभर लांब, शक्यतो उंचावर.

कवळी ज्या पाण्यात भिजते ते भांडं पेल्यासारखं नको. अंधारात भलतंच पाणी तोंडाला लावल्याचे किस्से बऱ्याच घरांत हसून सांगतात, पण त्यात कवळी साफ करायची गोळी विरघळलेली असेल तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कवळीला झाकणाची चौकोनी डबी, पाण्याला गोल पेला. हाताने चाचपून कळलं पाहिजे. नजर अधू असेल किंवा विसराळूपणा वाढला असेल तर पेला टेबलाच्या रंगाहून वेगळा, गडद लाल किंवा निळा घ्या. पारदर्शक काच अंधारात दिसत नाही.

२०. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. उशाशी पेला असू द्यावा का?

किती वाजेपर्यंत पाणी चालेल हे भूलतज्ज्ञ सांगतात. काहींना साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंतही चालतं, काहींना नाही. तुम्हाला सांगितलेली वेळ झाली की पेला रिकामा करून खोलीबाहेर नेऊन ठेवा. झोपेत हात सवयीने तिकडे जातो आणि प्यायलेलं सकाळी आठवत नाही. चुकून प्यायलं गेलंच तर लपवू नका, भूल देण्याआधी सांगा. फार तर वेळ पुढे ढकलतील.